आरामाला भाला मार

'रामाला भाला मारा' हे वाक्य उलटं वाचलं तरी तेच राहतं, ही गंमत शाळेत बहुतेकांनी केलेली असते. परवा मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि 'रिव्हर्स' दाबलं. ऐकू आलं भलतंच! कागदावर आपण अक्षरं उलटवतो, कॉम्प्युटर आवाज उलटवतो. त्यामुळे 'रा'चा 'आर' होतो. 'भ' म्हणताना आधी ओठ उघडतात, मग हवेचा झोत येतो. उलटवल्यावर झोत आधी, ओठ नंतर. घरात कोणालाच काही कळेना. मग मी म्हटलं, "'आरामाला भाला मार' असं ऐका." झालं! त्यानंतर कोणाला दुसरं काही ऐकूच येईना.

अशाच प्रकारच्या ऐकण्यावरून १९९० साली अमेरिकेत, नेवाडातल्या रिनो शहरात, खटला चालला. प्रतिवादी होता ज्युडास प्रीस्ट हा ब्रिटिश हेवी मेटल बँड. डिसेंबर १९८५मध्ये शेजारच्या स्पार्क्समध्ये दोन तरुणांनी या बँडची गाणी ऐकल्यावर आत्महत्येचा प्रयत्न केला होता. एक तेव्हाच गेला, दुसरा १९८८मध्ये. 'स्टेन्ड क्लास' या १९७८च्या अल्बममधल्या एका गाण्यात 'डू इट' असा छुपा हुकूम आहे, असं घरच्यांचं म्हणणं. गायक रॉब हॅलफर्डने कोर्टात आपलीच गाणी उलटी वाजवून दाखवली. एकात खुर्ची मोडल्याची तक्रार 'सापडली', दुसऱ्यात पेपरमिंटची मागणी. न्यायाधीश जेरी कार व्हाइटहेड यांनी निकालात सांगितलं की 'डू इट'सारखं काहीतरी ऐकू येतं खरं, पण ते मुद्दाम घातलेलं नाही. एका ट्रॅकवरचा गायकाचा उच्छ्वास आणि दुसऱ्या ट्रॅकवरची गिटार योगायोगाने एकत्र आली होती. बँड सुटला. मागे राहिलेल्या आईवडिलांना असल्या निकालाने काय समाधान मिळणार, हा प्रश्न वेगळाच.

खरं तर कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या जॉन व्होकी आणि डॉन रीड यांनी १९८५मध्येच हे तपासलं होतं. उलटी वाक्यं ऐकून लोकांना बोलणारा पुरुष की बाई हे कळायचं, दोन वाक्यं एकाच माणसाची आहेत का हेही बऱ्यापैकी कळायचं. पण वाक्य बडबडगीतातलं, धार्मिक, सैतानी, अश्लील की जाहिरातीचं, असं विचारलं की उत्तरं पाचात एक बरोबर, म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. काय ऐकायचं ते आधी सांगितलं, की मात्र तेच ऐकू यायचं.

मेटलमध्ये ही सोय भरपूर. ग्राउल करताना, म्हणजे गुरगुरल्यासारखं गाताना, खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या, एरवी गप्प बसणाऱ्या घड्याही थरथरतात. स्वर आणि व्यंजनं त्यात विरघळतात, उरलेली जागा डिस्टॉर्शनवाली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची, गिटार भरून टाकते. कानाला फार थोडं मिळतं, बाकीचं मेंदू पदरचं घालतो.

आम्ही मराठी माध्यमवाले कॉलेजात याच गाण्यांवर इंग्रजी शिकलो. पहिल्यांदा ऐकताना सगळा कल्लोळ. मग कॅसेटमधला गाण्यांचे शब्द छापलेला घडीचा कागद उघडायचा, ओळीवर बोट ठेवायचं, रिवाइंड. शब्द असे लख्ख ऐकू यायचे, की वाटावं टेपचं हेड कोणी स्पिरिटने पुसलंय! फरक एवढाच, की इथे शब्द खरोखर गायलेले असत. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या संशोधकांचा २००९चा प्रयोग पुढे वाचला, तेव्हा त्या कागदाची आठवण झाली. डच विद्यार्थ्यांना त्यांनी स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन वळणाच्या इंग्रजीतले व्हिडिओ दाखवले. खाली इंग्रजी सबटायटल्स असलेल्यांना नंतर त्याच माणसाची नवी वाक्यंही जास्त चांगली कळली. डच सबटायटल्सवाल्यांचा मात्र तोटा झाला. अर्थ आयता मिळाला, पण ऐकलेला आवाज कुठल्या अक्षराचा हे कानाला कोणी सांगितलंच नाही.

रविवारी आत्या आली. तिला काही न सांगता माझी क्लिप ऐकवली. दोनदा ऐकून म्हणाली, "आवाज तुझाच आहे रे, पण दम कशाने लागलाय एवढा?"