१००० डी, पण कशाचं?

लष्करी धाटणीची सॅक घेताना बहुतेक जण एकच आकडा बघतात: १००० डी. माझी पहिली सॅक मीही तोच बघून घेतली. हा आकडा डेनियरचा, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. नऊ किलोमीटर धागा एक किलो भरला की तो १००० डी. पण तो धागा नायलॉनचा की पॉलिस्टरचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. सगळा घोळ इथेच होतो.

नायलॉनची घनता १.१४, पॉलिस्टरची १.३८. त्यामुळे डेनियर तेवढंच असलं तरी नायलॉनचा धागा जाड भरतो. तो ताण सोसून पूर्ववत होतो आणि घासला तरी लवकर झिजत नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट कानशीसारखा खरखरीत. कातळटप्पा बसून उतरताना सॅकचा तळ त्यावर घासतोच. म्हणून सॅकचा तळ तरी नायलॉनचाच हवा, याबाबत मी तडजोड करत नाही.

पॉलिस्टरला कमी लेखू नका. दमट हवेत नायलॉन वजनाच्या चारेक टक्के ओलावा धरतं, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. भर पावसात नायलॉनचे पट्टे सैल पडतात आणि पुन्हा पुन्हा आवळावे लागतात. उन्हातही पॉलिस्टर जास्त टिकतं. सतत उघड्यावर राहणाऱ्या आच्छादनासाठी मी तेच घेईन.

नावांनीही फसायला होतं. कॉर्ड्युरा हा ब्रँड आहे. त्याचं सॅकचं कापड बहुधा नायलॉन ६,६ चं असतं, पण त्याच नावाने पॉलिस्टरही मिळतं. बॅलिस्टिक नायलॉन दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या जाकिटांसाठी, स्फोटाचे तुकडे अडवायला वापरलं गेलं. त्या नावाची सॅक गोळी थांबवत नाही.

कापडाची आतली बाजूही बघा. माझ्या त्या पहिल्या सॅकचं कापड धडधाकट होतं, पण एक पावसाळा माळ्यावर काढल्यावर आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) लेप चिकट होऊन पापुद्र्यांसारखा सुटला. दमटपणात हा लेप कुजतो, मग कापड कुठलंही असो.

आगीपुढे मात्र दोन्ही सारखीच. अडीचशे अंशांच्या आसपास वितळतात आणि कातडीला चिकटतात. चुलीपाशी बसताना अंगात सुती शर्ट असू द्या.