थॅकरे (इंग्रजी आडनाव)

थॅकरे हे उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं आडनाव, इंग्लंडभर बघितलं तर तसं कमीच सापडणारं. हे गावावरून पडलेलं आडनाव आहे, म्हणजे आपल्याकडे पनवेलकर, सातारकर पडतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे ते गावसुद्धा नाही, ग्रेट टिंबल गावाच्या हद्दीतली एक छोटीशी जागा होती थॅकरे नावाची. नाव जुन्या नॉर्स म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं आहे, 'थाक' म्हणजे छप्पर शाकारायला लागणारा बोरू किंवा गवत आणि 'व्रा' म्हणजे कोपरा, तर जिथे शाकारणीचं गवत मिळतं तो कोपरा. नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग लोक यॉर्कशरमध्ये येऊन जमीन कसायला लागले आणि त्यांच्या भाषेतली अशी शेकडो नावं तिथल्या शेतांना, ओढ्यांना चिकटली ती आजपर्यंत आहेत. ही मूळ जागा मात्र आता बघायला मिळत नाही, कारण लीड्स शहराला पाणी द्यायला वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात तलाव बांधले, त्यातल्या १८७९ साली पूर्ण झालेल्या फ्यूस्टन तलावाखाली ती गेली.

स्पेलिंग एक कधीच नव्हतं, लिहिणारा कारकून कानाला येईल तसं लिहायचा, त्यामुळे थॅकरे, थॅक्रे, थॅक्रा असे बरेच प्रकार झाले. थॅक्रा लिहिणारे लीड्सचे डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅक्रा यांनी १८३१ मध्ये कोणत्या धंद्यात कामगाराला कोणता आजार होतो यावर पुस्तक लिहिलं, कामगारांच्या आरोग्याचा विचार ब्रिटनमध्ये इतक्या आधी करणारा हा माणूस आपल्याकडे जास्त माहीत असायला हवा खरं तर. लीड्समध्येच १९०२ साली चार्ल्स थॅक्रे यांची कंपनी सुरू झाली, तिने पुढे सर्जन जॉन चार्नली यांच्यासाठी कृत्रिम खुबे बनवले, हिप रिप्लेसमेंट जगभर पसरलं त्यात या कंपनीचा मोठा वाटा आहे.

सगळ्यात गाजलेली शाखा यॉर्कशरमधल्याच हॅम्प्सथ्वेट गावची. तिथले थॉमस थॅकरे हॅरो शाळेचे हेडमास्तर झाले, त्यांचा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला, सिल्हेटला कलेक्टर होता आणि हत्तींच्या व्यापारातही होता, मग त्याचा मुलगा रिचमंड पण कंपनीतच लागला, आणि रिचमंडचा मुलगा म्हणजे कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे, जन्म कलकत्ता, १८ जुलै १८११. वडील १८१५ मध्ये कलकत्त्यातच वारले आणि पोराला लहानपणीच इंग्लंडला पाठवून दिलं. 'व्हॅनिटी फेअर' १८४७-४८ मध्ये हप्त्याहप्त्याने छापून आली आणि आडनाव जगभर पोचलं.

मराठी माणसाला पहिला प्रश्न पडतो तो ठाकऱ्यांचा. रक्ताचं नातं काहीच नाही. केशव सीताराम ठाकरे म्हणजे प्रबोधनकार (१८८५-१९७३) हे पनवेलचे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरातले, त्यांना हा कादंबरीकार फार आवडायचा म्हणून त्यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्यासारखं घेतलं असं सांगतात. तेच स्पेलिंग पुढे बाळासाहेब, उद्धव, राज सगळ्यांकडे आलं, त्यामुळे मराठीत ठाकरे आणि इंग्रजी कागदावर थॅकरे असं ते आजही चालतं.