एकाच रक्तगटाचे नवरा-बायको चालत नाहीत?

ठाण्यातल्या वधू-वर मेळाव्यांत अजूनही ऐकू येतं: दोघांचा रक्तगट एकच, मग मुलात व्यंग येणार, स्थळ नको. हे साफ खोटं आहे. शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये वेगळे ओळखलेले ए, बी, ओ हे गट तांबड्या पेशींवरच्या प्रतिजनांवरून, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांवरून, ठरतात. आईबापांचे प्रतिजन सारखे असले म्हणून बाळाला काहीही होत नाही.

जपायचं ते वेगळंच. आरएच हा तांबड्या पेशींवरचा आणखी एक प्रतिजन; तो असला तर रक्त पॉझिटिव्ह, नसला तर निगेटिव्ह. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या रक्तात त्याविरुद्ध लढणारी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पुढच्या खेपेला ती पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. ती तयारच होऊ नयेत यासाठी अँटी-डी इंजेक्शन असतं: साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. गर्भपातानंतरही त्याबद्दल डॉक्टरांना विचाराच.