गंज वरून लागलाय की आतून? जुनी मारुती ८०० घरी नीट करणाऱ्यांसाठी

जुनी मारुती ८०० कुणी घरी आणली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दरवाज्याखाली थोडासाच गंज आहे, घासून प्रायमर मारला तर चालेल ना?" मग कुणी म्हणतं चालेल, कुणी म्हणतं रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा काळा, स्थिर थर बनवणारं रसायन) लाव, आणि एक काका हमखास असतात जे म्हणतात लांबी (पुट्टी) भर आणि रंग मारून मोकळा हो. गंज किती मोठा आहे ते सगळे बघतात. तो पत्र्याच्या कुठल्या बाजूने आलाय हे कुणीच विचारत नाही, आणि काम घरी होणार की वेल्डरकडे जाणार हे त्यावरच ठरतं.

वरचा गंज सगळ्यांना माहितीये, त्यामुळे पटकन उरकतो. खडा लागून रंग उडाला, किंवा गाडी झाडाखाली वर्षानुवर्षं पडून टपावरचा रंग भुकटी होऊन गेला, पत्रा उघडा पडला आणि त्यावर तपकिरी थर चढला. पत्र्याची जाडी जवळपास शाबूत असते. चकाकता पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासायचं, बारीक खड्ड्यांत जे काळे ठिपके उरतात त्यांना कन्व्हर्टर लावायचा, पुसायचं, टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, वर सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर), वर रंग. बस्स. फक्त एक विनंती, खिडकीच्या ग्रिलला मारतो तो रेड ऑक्साईड गाडीला मारू नका, आणि पावसाळ्यात घासलेला पत्रा "उद्या प्रायमर मारू" म्हणून उघडा ठेवू नका, मुंबई-कोकणाच्या हवेत सकाळपर्यंत त्यावर परत लाली आलेली असते.

आता दुसरा, जो खरा घोळ घालतो. गाडीची बॉडी म्हणजे एकच पत्रा नसतो, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडून आत पोकळी ठेवलेली असते. दरवाजा पोकळ, रनिंग बोर्ड (दरवाज्यांखालचा बॉडीचा आडवा भाग) पोकळ, टप धरणारे खांब पोकळ. या पोकळ्यांत पाणी जातंच, ते जाऊ नये अशी रचनाच नाहीये, ते खालच्या भोकांतून निघून जावं अशी आहे. ती भोकं चिखल आणि पाल्याने बुजली की पाणी आतच मुरतं आणि गंज आतल्या बाजूने सुरू होतो, जिथे रंगाचा थर मुळातच पातळ असतो आणि कुणाचं कधी लक्ष जात नाही. हे सगळं वाळवीसारखं आहे, वरून चौकट रंगवलेली छान दिसते आणि बोट दाबलं की आत जातं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो फुगत फुगत शेवटी बाहेरच्या रंगाखाली येतो आणि तिथे फोड दिसतो. म्हणजे बाहेर जो नखाएवढा फोड दिसतोय ती गंजाची सुरुवात नसते, त्या जागी पत्रा आरपार संपत आलेला असतो. बॉडीचा पत्रा असतो किती, एक मिलिमीटरसुद्धा नाही.

आणि गंमत अशी की दिसायला उलटंच दिसतं. टपावर ताटाएवढा तपकिरी पट्टा बघून लोक घाबरतात आणि गाडी सोडून देतात, तो एका रविवारचा उद्योग असतो. दरवाज्याच्या खालच्या कडेला चार फोड बघून म्हणतात "एवढं काय, किरकोळ आहे", आणि तिथे पेपर लावला की पेपर आत जातो.

मग ओळखायचं कसं? फोडाच्या मध्ये जखम शोधा. वरून आलेल्या गंजाला सुरुवात लागते, कुठेतरी रंग तुटलेला असतो, खड्याचा टवका, ओरखडा, काहीतरी, आणि गंज त्या जखमेपासून रंगाखाली चहूकडे सरकत जातो. आतून आलेल्या फोडावर रंग अख्खा असतो, फक्त वर उचललेला, किंवा शेवटी शेवटी फोड स्वतःच फुटतो आणि त्यातून तपकिरी पाणी ओघळतं. रंग अख्खा आणि खाली फुगवटा असेल तर आतून आहे असंच धरून चाला. अपवाद आहेत, आधी कुणीतरी गंजावरच लांबी फासून रंग मारला असेल तर तीही अशीच फुगते, पण तिथेही खाली बघावंच लागतं, त्यामुळे नुकसान काही नाही.

दुसरी खूण जागेची. टप, बॉनेटचा मधला भाग, डिकीच्या झाकणाचा वरचा भाग, इथे बहुतेक वेळा वरचा गंज. दरवाज्याची खालची कड, रनिंग बोर्ड, मागच्या चाकाची कमान, टपाच्या पन्हाळीचा जोड, पुढच्या काचेच्या रबराखालचा पत्रा, इथे जवळजवळ नेहमी आतून किंवा जोडातून. फ्लोअरचं वेगळंच, तिथे गंज केबिनच्या बाजूने येतो. मॅटिंगखाली डांबरी शीट असते, तिच्याखाली पाणी शिरलं की सुकत नाही. हे पाणी येतं कुठून तर एसीचा ड्रेन पाईप तुंबलेला असतो, नाहीतर स्पीकर बसवणाऱ्याने दरवाज्याच्या आतलं प्लॅस्टिक फाडून फेकलेलं असतं (ते प्लॅस्टिक पॅकिंगचं उरलेलं आहे असं या मंडळींना का वाटतं देव जाणे, दरवाज्यातलं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून ते असतं). आणि गाडीला कधी एलपीजी किट बसवलेलं असेल तर डिकीत टाकीच्या बोल्टांसाठी पाडलेली भोकं आधी बघा, त्या भोकांच्या कडेला कुणीही प्रायमर लावलेला नसतो. बॅटरी ट्रेखाली ॲसिडने खाल्लेलं असतं, ते वरून सुरू होतं पण इतकं खोल जातं की त्याला दुसऱ्या प्रकारातच धरा.

खात्री करायला फार काही लागत नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून कडेने फिरवा, जिथे सुटतं तिथे आधीच कुणीतरी जाड लांबी भरलीये. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोका, चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. मग टोकाने दाबा, आणि जोर लावून दाबा, "भोक पडेल" म्हणून घाबरू नका, पडलं तर ते आधीच होतं. मोबाईलला जोडायचा स्वस्तातला एंडोस्कोप कॅमेरा मिळतो तो रनिंग बोर्डच्या ड्रेन होलमधून आत घाला, आतलं दृश्य बघितलं की सगळे वाद मिटतात.

आता रस्ट कन्व्हर्टर, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं, ते गंजाशी क्रिया करून त्याचा काळा, स्थिर थर बनवतं. ज्या गंजाला ते स्पर्श करतं त्याचाच. पापुद्र्यांच्या खाली ते पोचत नाही, पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला तर नाहीच नाही, आणि गेलेलं लोखंड ते परत आणत नाही. म्हणजे आतून आलेल्या गंजावर बाहेरून कन्व्हर्टर लावणं म्हणजे नुसता फोड काळा करणं. लांबीचंही तेच, भोकावर मागून जाळी किंवा फायबर चिकटवून वर लांबी, एका पावसाळ्यानंतर बरोबर त्याच जागी फोड. पॉलिस्टर लांबी ओल धरते, तिच्याखाली गंज आणखी खुशीत वाढतो. आणि पॉप रिव्हेट मारून वर एमसील, हे मी फ्लोअरला केलेलं बघितलंय, ज्यावर माणूस बसतो त्या फ्लोअरला!

आतून कुजलेल्या पत्र्याला उपाय एकच, चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवा जोडायचा. इथे बोल्टने बसणारे भाग वेगळे काढा. पुढचे फेंडर, बॉनेट, दरवाजे बोल्टवर आहेत, फार कुजले असतील तर वेल्डिंग करत बसू नका, दुसरे आणून लावा. १९८६ च्या एसबी३०८ (८०० चं दुसरं मॉडेल) पासून २०१४ ला बंद होईपर्यंत बॉडीचा मूळ ढाचा तोच असल्यामुळे ८०० चे भाग भंगारात आणि दुकानात दोन्हीकडे सापडतात. १९८३ ते ८६ ची एसएस८० (सगळ्यात पहिलं मॉडेल) असेल तर तिचे पत्रे वेगळे आणि दुर्मिळ, तिथे मूळ पत्रा जितका वाचेल तितका वाचवा.

फ्लोअर, रनिंग बोर्ड, खांब, सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बसतात ती जागा, यांची गोष्ट गंभीर आहे. "चासी एकदम ओके आहे, फक्त बॉडी गेलीये" असं ८०० विकणारा सांगतो तेव्हा मला हसू येतं. जीपसारखी वेगळी चासी या गाडीला नाहीच, बॉडी हीच चासी. रनिंग बोर्ड गेला म्हणजे गाडीचा कणा गेला, आणि तो रंगाच्या बजेटमध्ये बसत नाही.

वेल्डिंग स्वतः येत नसेल तर घरी शिकायला ८०० चा पत्रा घेऊ नका. जोडायला सीआर शीट (साधा, जस्त नसलेला पत्रा) आणा, जीआय (जस्त चढवलेला) नको, त्यावरचं जस्त जळून जो धूर होतो तो छातीला वाईट. साध्या आर्क वेल्डिंगने इतक्या पातळ पत्र्याला भोकं पडतात, गॅसने पत्रा वाकडा होतो, सीओटू वेल्डिंगवाला शोधा आणि त्याला सलग ओढू नको, थोडं थोडं अंतर ठेवून टाके मार असं सांगा. गाडी द्यायच्या आधी बॅटरी काढा, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनचं) मॉडेल असेल तर ईसीएमचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरही काढा, सीट-मॅटिंग-डांबरी शीट सगळं बाहेर, आणि पेट्रोलची लाईन फ्लोअरखालून मागे टाकीकडे जाते हे वेल्डरला बोट दाखवून सांगा. अजून एक, चासी नंबर बॉडीच्याच पत्र्यावर ठोकलेला असतो, त्याच्या आसपास ग्राइंडर चालवू देऊ नका. १५ वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन पुढे दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं असतं आणि तेव्हा तो नंबर स्पष्ट वाचता आला नाही तर घरच्या घरी केलेली सगळी मेहनत आरटीओच्या दारात अडकते.

विकत घेतानाही हाच फरक लक्षात ठेवा. सोलापूर-नगरकडची, उन्हाने रंग उडालेली, टपावर तपकिरी डाग असलेली कुरूप ८०० मी डोळे मिटून घेईन. अलिबाग-रत्नागिरीकडची, नुकताच रंग मारलेली चकचकीत असेल तर चुंबक खिशातून काढल्याशिवाय भावाची गोष्टही करणार नाही.

काम झाल्यावर बंद पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स (आतल्या पत्र्यावर बसणारा मेणाचा थर) मारा, लांब नळीचा स्प्रे मिळतो. काही जण जळकं इंजिन ऑइल ओततात, फुकट असतं म्हणून, पण ते ठिबकत राहतं, रबरी बुश खराब करतं आणि पुढच्या वेळी तिथे वेल्डिंग करायची वेळ आली की पेट घेतं. खालून अंडरकोटिंग सगळ्यात शेवटी, तेही गंज पूर्ण काढून प्रायमर मारल्यानंतरच. गंजावर मारलेलं कोटिंग हे न मारलेल्या कोटिंगपेक्षा वाईट, ओल आत कोंडली जाते आणि वरून सगळं काळंभोर छान दिसतं, त्यामुळे कळतही नाही. आणि कोटिंगवाले ड्रेन होल सर्रास बुजवतात, त्यांचं लक्षच नसतं, म्हणून गाडी नेण्याआधी प्रत्येक भोकात काडेपेटीची काडी खुपसून ठेवा आणि कोटिंग सुकायच्या आत स्वतः खाली वाकून काढा.