वारसा इमारतींमधील बदलांची छाननी (मुंबई)

वारसा यादीत नाव असलेल्या इमारतीत किंवा वारसा परिसरातील इमारतीत बदल करायचा असेल, तर महापालिकेने परवानगी देण्याआधी तो प्रस्ताव जाणकारांच्या समितीकडून तपासून घेण्याची पद्धत. बृहन्मुंबईत ती एप्रिल 1995 मध्ये, तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 67 ने सुरू झाली. 2018 पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीत ही तरतूद नियम 52 मध्ये आहे. छाननीचे काम मुंबई वारसा जतन समिती करते. बोलताना आणि वर्तमानपत्रांतही तिला सरसकट ‘हेरिटेज कमिटी’ म्हणतात.

त्याआधी जुन्या वास्तूंना संरक्षण होते ते पुरातत्त्व कायद्यांचे. लेणी, किल्ले, समाध्या यांच्यासाठी ते पुरेसे होते. पण फोर्टातली बँक, गिरगावातली चाळ किंवा मरीन ड्राइव्हवरची सोसायटी ही चालती-वापरती घरे. तिथे माणसे राहतात, भाडेकरू बदलतात, लिफ्ट बसवावी लागते. अशा इमारतीला ‘स्मारक’ ठरवून कुलूप लावता येत नाही. म्हणून वापर चालू ठेवायचा आणि बदलांवर मात्र लक्ष ठेवायचे, असा मार्ग निघाला. श्याम चैनानी आणि त्यांची पर्यावरण संस्था बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप यांनी त्यासाठी मंत्रालयात अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. पहिल्या यादीत सहाशेहून अधिक नोंदी होत्या. काही नोंदी एकट्या इमारतीच्या, तर काही अख्ख्या परिसराच्या होत्या.

यादीतल्या इमारतींचे दर्जे ठरलेले आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर या श्रेणी 1 च्या वास्तू. त्यांच्या आत-बाहेर कुठेही हात लावायचा तर तो इमारत टिकवण्यापुरता, तोही कमीत कमी. श्रेणी 2अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर बहुधा चालतो, दर्शनी भागाला मात्र धक्का लावता येत नाही. 2ब मध्ये त्याच आवारात जुन्याशी जुळणारे वाढीव बांधकामही काही वेळा मिळते. श्रेणी 3 ही रस्त्याचे, वस्तीचे रूप घडवणाऱ्या इमारतींची. तिथे बराच मोकळेपणा आहे आणि नियमाची खरी कसोटीही तिथेच लागते.

नियमाचा आवाका मोठा आहे. पाडकाम आणि वाढीव मजल्यांबरोबर गिलावा, रंगकाम आणि नक्षीदार भाग बदलणे यांनाही पालिका आयुक्तांची लेखी पूर्वपरवानगी लागते. प्रस्ताव मालकाच्या आर्किटेक्टमार्फत येतो. सोबत इमारतीची छायाचित्रे आणि नकाशे असतात. पालिकेच्या नकाशात पाडायचे बांधकाम पिवळ्या रंगात आणि नवे लाल रंगात दाखवण्याची रीत आहे, त्यामुळे कागद उलगडताच प्रस्तावाचा कल कळतो. दर्शनी भिंतीवर पिवळा रंग दिसला की प्रश्नांची सरबत्ती ठरलेली. समितीत निवृत्त सनदी अधिकारी, वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर, शहराच्या इतिहासाचे अभ्यासक आणि पालिकेचे अधिकारी असतात. गरज पडल्यास सदस्य जागेवर जाऊन पाहणी करतात. सरळ नकारापेक्षा अटींसह मंजुरीकडे कल असतो. लिफ्ट मागच्या बाजूला घ्या, एसीची यंत्रे रस्त्याकडून दिसू देऊ नका, कौले काढून पत्रे घालू नका, अशा त्या अटी.

अटींतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग साहित्याचा. फोर्टातल्या कितीतरी इमारती मालाडच्या पिवळसर आणि कुर्ल्याच्या दगडाच्या आहेत, सांधे चुन्याचे. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि आतल्या सागवानी तुळयांची टोके कुजू लागतात. दुरुस्ती झाली म्हणून मालक खूश असतो. भिंत खराब व्हायला काही पावसाळे जावे लागतात. ऑइलपेंटचेही तेच. फ्लोरा फाउंटनचा पोर्टलँड दगड वर्षानुवर्षांच्या रंगाच्या थरांखाली गडप झाला होता. 2019 मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला तेव्हा मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांनी त्याचा मूळ पोत पहिल्यांदा पाहिला.

पाट्यांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण रस्त्याचे रूप सर्वांत आधी त्यांनीच बिघडते. दादाभाई नौरोजी रोडवर पादचाऱ्यांसाठी इमारतींच्या तळमजल्यावर कमानींच्या ओवऱ्या आहेत. 1990 च्या दशकात त्या दुकानांच्या बोर्डांखाली इतक्या झाकल्या गेल्या होत्या की खांब आणि कमानीचे दगड दिसेनासे झाले होते. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने तिथे बोर्डांसाठी मार्गदर्शक सूत्रे आखली गेली. पाटी कमानीच्या आतच बसवायची, खांब आणि कोरीवकाम झाकायचे नाही. दुकानदारांना हे पटवून घेतले गेले, म्हणून ते टिकले. नुसत्या नोटिशींनी हे झाले नसते.

समितीचे मत हा सल्ला असतो, अंतिम निर्णय आयुक्तांचा. अपवादात्मक प्रकरणी लेखी कारणे देऊन आयुक्त समितीची शिफारस डावलू शकतात, मात्र हा अधिकार त्यांना दुसऱ्या कुणाकडे सोपवता येत नाही. यादीतली इमारत पाडायची किंवा तिच्यात मोठे फेरफार करायचे असतील, तर नागरिकांच्या हरकती-सूचनाही मागवाव्या लागतात. बंधनांमुळे ज्या मालकाचे चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर बांधता येण्याजोगे क्षेत्र, वापराविना राहते, त्याला भरपाई म्हणून टीडीआर, म्हणजे इतरत्र वापरण्याजोगे विकास हक्क, देण्याची सोय आहे.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा मात्र वेगळाच आहे. कुणी काही करायला निघाले तरच प्रस्ताव येतो आणि प्रस्ताव आला तरच छाननी होते. कुणी काहीच केले नाही, तर समितीकडे विचार करायला कागदच नसतो. नियम सांगतो की नियमित दुरुस्ती-देखभाल हे मालकाचे कर्तव्य आहे. पण दक्षिण मुंबईतल्या पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन मग नाममात्र भाड्याने राहण्याच्या इमारतींत भाडी दशकानुदशके गोठलेली. त्या भाड्यात गच्चीची गळती थांबत नाही, मग घडीव दगड बसवणारा कारागीर कुठून आणायचा? मालक पुनर्विकासाची वाट पाहतो, भाडेकरू मोठ्या घराची. मधल्या काळात पिंपळ भिंतीत मुळे घालतो.

काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन हे याचे ठळक उदाहरण. मूळची ती वॉटसन्स हॉटेल. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला गेला आणि इथे उभारला गेला. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. पुढे खोल्यांचे गाळे झाले, कार्यालये थाटली गेली, आणि 2005 मध्ये बाल्कनीचा भाग कोसळला. 2019 मध्ये म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, इमारत रिकामी केली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, तर वारसा जतनातल्या तज्ज्ञांनी ती दुरुस्त होऊ शकते असे सांगितले. श्रेणी 2अ चे संरक्षण होते, पण कोणत्याही बदलाने नव्हे, तर दुरुस्तीच न झाल्याने ही वेळ आली.

पुनर्विकासाच्या रेट्यापुढे नियमही सैल झाला. श्रेणी 3 आणि वारसा परिसरांतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला 1999 मध्ये शासनाने समितीच्या छाननीतून सूट दिली. धोकादायक घरांत राहणाऱ्यांचा विचार करता ही सूट समजण्यासारखी आहे. पण परिसर जपायचा म्हणजे त्यातली साधी घरेच जपायची असतात, आणि सूट नेमकी त्यांनाच मिळाली. गिरगावच्या खोताच्या वाडीत लाकडी सज्जे आणि बाहेरून चढणारे जिने असलेल्या बैठ्या-दुमजली घरांमागे टॉवर उभे राहिले आहेत.

2012 मध्ये यादीत 948 नव्या नोंदींची भर घालण्याचा प्रस्ताव आला, त्यात दादरचा शिवाजी पार्क परिसरही होता. तोवर ‘हेरिटेज’ म्हणजे साहेबाच्या काळातला फोर्ट, असा मराठी मध्यमवर्गाचा समज होता. आता नाव स्वतःच्या घराचे निघाले, आणि पुनर्विकास अडणार या भीतीने सोसायट्यांनी हरकतींचा पाऊस पाडला. राजकीय पक्षही मागे राहिले नाहीत. तीन-चार मजली इमारती, गोलाकार सज्जे, मैदानाभोवतीचा कट्टा आणि झाडांची सावली हे सगळे मिळून शिवाजी पार्क होते, हे रहिवाशांना ठाऊक नव्हते असे नाही. त्याची किंमत एकट्या रहिवाशांनीच का मोजावी, हा त्यांचा सवाल होता. तो रास्त होता.

2018 मध्ये ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडची व्हिक्टोरियन गॉथिक (एकोणिसाव्या शतकातली टोकदार कमानींची शैली) ओळ आणि पश्चिमेकडच्या व मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको (विसाव्या शतकातली सुबक रेषांची शैली) इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. पूर्वेला न्यायालय आणि विद्यापीठ, म्हणजे सार्वजनिक संस्था. पश्चिमेला बव्हंशी राहती घरे. त्यामुळे तिथले प्रश्न घरगुती असतात: बाल्कनी बंद करून खोली वाढवायची आहे, गच्चीवर पावसाळी शेड टाकायची आहे, समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेल्या लोखंडी कठड्यांऐवजी स्टीलचे बसवायचे आहेत, सागाच्या चौकटी काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या हव्या आहेत.