पाझराचे पाणी गढूळ होते तेव्हा

कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड या डोंगराळ तालुक्यांत ओढ्यावर स्वखर्चाने मातीचा बांध घालून चार-दोन एकर ऊस भिजवणारे शेतकरी आहेत. असा बांध लहान दिसतो. पण त्यामागे सहा मीटर पाणी उभे राहिले, की तळाशी दर चौरस मीटरला सहा टन दाब येतो, मग तलाव एकराचा असो वा कोसभर पसरलेला, कारण पाण्याचा दाब केवळ खोलीवर ठरतो. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा पंधरा मीटरपेक्षा उंच आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. त्याहून लहान बांधाची राखण मालकालाच करावी लागते.

मालक बांधावर जातो तो पाणी किती साठले हे पाहायला. बांधाची प्रकृती मात्र मागच्या पायथ्याशी कळते. मातीचा कोणताही बांध पूर्ण पाणीबंद नसतो. चिकण मातीच्या गाभ्यातूनही पाणी सावकाश झिरपते आणि पायथ्याच्या वाळू-दगडांच्या थरातून बाहेर पडते. हा पाझर नितळ आणि बेताचा असेल तोवर भीती नाही. भीती असते ती पाण्याबरोबर माती येऊ लागली म्हणजे. बाहेर पडणारे पाणी मातीचे बारीक कण उचलते, तिथे पोकळी पडते, पाण्याची वाट तेवढी आखूड झाल्याने त्याचा जोर वाढतो, पोकळी आणखी आत सरकते आणि अखेर साठ्यापर्यंत आरपार भोक पडते. त्यानंतर बांध फुटायला काही तास पुरतात. जगभरात फुटलेल्या मातीच्या धरणांपैकी साधारण निम्मी अशी आतून पोखरून गेली, आणि जवळपास तितकीच पाणी माथ्यावरून वाहिल्याने.

ओळखण्याचा उपाय साधा आहे. पाझराखाली काचेची बाटली धरून भरावी आणि तासभर न हलवता ठेवावी. तळाशी गाळाचा थर बसला, तर बांधाची माती वाहून जात आहे. ठरावीक बादली किती वेळात भरते हेही दर आठवड्याला वहीत टिपावे, कारण तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला, तर आत काहीतरी बदलले आहे.

पाण्याला वाट देणाऱ्या जागा ठरलेल्या असतात: घुशीचे बीळ, बांधावर वाढलेल्या आणि मग तोडलेल्या झाडाची कुजणारी मुळे, आणि सर्वांत दगाबाज म्हणजे भरावातून नेलेला पाइप. पाइपच्या खालच्या अंगाला माती धुमसाने नीट ठोकता येत नाही, आणि तिथेच पाणी शिरते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हाही पाणी सोडण्याच्या नळावरचा भराव खचला होता.

सांडव्याबाबत, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेबाबत, मला कळकळीने सांगावेसे वाटते. हस्ताचा पाऊस अडवून उन्हाळ्यात एखादे पाणी जास्त मिळावे म्हणून सांडव्याच्या तोंडाशी वाळूची पोती रचली जातात. त्यामागची गरज खरी आहे. पण सांडवा आणि माथा यांच्यातले रिकामे अंतर मोठ्या पुरासाठी आणि लाटांसाठी राखलेले असते, आणि एका रात्रीच्या पावसाने ते भरले, तर पाणी मातीच्या उतारावरून वाहून बांध कापत जाते. भुदरगड तालुक्यातील मेघोलीचा तलाव फुटला तो १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री, पावसाळ्याच्या उत्तरार्धात. त्यात एका महिलेचा जीव गेला. तो सरकारी तलाव होता, परंतु भरल्या तलावाचा धोका खासगी बांधालाही तोच.

पाझर गढूळ दिसला, तर आधी ओढ्याकाठच्या वस्तीला कळवावे आणि दरवाजा उघडून किंवा पंप लावून पातळी उतरवावी. मागच्या बाजूने चिखल थापून भोक बुजवू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडून जोराने फुटते. त्या जागी आधी जाड वाळू, वर खडी आणि तिच्यावर दगड अशा क्रमाने भार घालावा, म्हणजे पाणी निघत राहते आणि माती आत अडते. वाळूचा एवढा ढीग मृगापूर्वीच बांधाच्या पायथ्याशी आणून ठेवावा, कारण भर पावसात त्या चिखलवाटेने ट्रॅक्टर पोचत नाही.