ओळ छापली, पण गेली कुठे?

रावेरकडच्या एखाद्या केळीच्या बागेत ओलावा मोजणारा छोटा संगणक बसवलाय, असं समजा. त्यातला सी भाषेतला प्रोग्राम दर मिनिटाला ‘ओलावा 42’ अशी ओळ छापतो. पडद्यावर ओळ लगेच दिसते. तोच मजकूर फाइलकडे वळवला, की फाइल बराच वेळ रिकामीच!

प्रोग्राम बिघडलेला नाही. छापलेली ओळ आधी सीच्या लायब्ररीच्या, म्हणजे छापण्या-वाचण्यासारखी कामं करून देणाऱ्या तयार कोडच्या, हाती जाते, ऑपरेटिंग सिस्टिमकडे नंतर. सिस्टिमला दर वेळी हाक मारण्यात वेळ जातो, म्हणून लायब्ररी मजकूर बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठवते. सावद्याहून दिल्लीला केळीचा एकेक घड कोणी पाठवत नाही. गाडी भरली की निघते. पडद्यासमोर माणूस वाट बघत असतो, म्हणून तिथे सहसा ओळ संपली की मजकूर सुटतो.

पण बफर केवढा असावा, हे सी भाषेचं मानक ठरवून देत नाही. लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी जीलिबसी फाइलसाठी बहुधा 4096 बाइट घेते, अल्पाइन लिनक्समधली मसल नावाची लायब्ररी 1024. आता हिशेब करू. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी कानासुद्धा, 3 बाइट खातो. ‘ओलावा’चे 15, मधली मोकळी जागा, दोन आकडे आणि ओळीचा शेवट धरून 19. म्हणजे मसलवर पहिला मजकूर फाइलमध्ये उतरायला सुमारे 54 मिनिटं, जीलिबसीवर साडेतीन तासांहून जास्त. त्यातही गंमत अशी, की 4096 मध्ये 215 ओळी बसून 11 बाइट उरतात. तेवढ्यात ‘ओला’ मावतं आणि ‘व’चे दोनच बाइट. फाइलच्या टोकाला ‘ओला’ आणि पुढे एक विचित्र चिन्ह दिसलं, तर फॉन्टला शिव्या देऊ नका.

फरक बफरच्या आकारापुरताच नाही. ‘नाव:’ असं छापून कीबोर्डची वाट पाहणारा प्रोग्राम घ्या. वाचण्याआधी जीलिबसी अडकलेला मजकूर पडद्यावर सोडते. मसल सोडत नाही. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीला ‘ओळीगणिक सोड’ असं बजावलं, तरी ती पूर्ण बफरचाच नियम लावते. मानकातली ही मोकळीक मला जरा जास्तच सैल वाटते.

उपाय सोपा आहे, बफर लगेच रिकामा करायला सांगायचं: सीमध्ये एफफ्लश, पायथनमध्ये 3.3 पासून प्रिंटलाच जोडता येणारा फ्लश. मात्र एफफ्लश मजकूर सिस्टिमपर्यंतच पोचवतो. बागेतली वीज केव्हाही जात असेल, तर तो डिस्कवर उतरवायला एफसिंक वेगळं सांगावं लागतं.